सहलीला न गेलेले मूल

(छत्रपती संभाजीनगर येथे शिक्षक व कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



जानेवारी महिन्यात मराठवाड्यातील कोणत्याही शाळेच्या पाचवी-सहावीच्या वर्गात डोकावले, तर फळ्यावर एक विषय बहुधा लिहिलेला आढळतो : ‘आमची सहल’. मुले माना खाली घालून निबंध लिहू लागतात. पहाटे उठलो, डबा घेतला, गाडीत गाणी म्हटली, वेरूळची लेणी पाहून थक्क झालो. वर्गातील सगळ्या वह्यांत हेच येते. परंतु त्यांतील काही मुले त्या गाडीत नव्हतीच, कारण सहलीची वर्गणी देण्याची त्यांच्या घरची ऐपत नव्हती. तीही तोच निबंध लिहितात. शेजारच्या मुलाला विचारून किंवा बाजारातल्या निबंधमालेतून उतरवून लिहितात आणि त्यांना गुणही मिळतात. न पाहिलेली गोष्ट पाहिली असे लिहावे आणि आपले दारिद्र्य झाकून ठेवावे, असे दोन धडे ती मुले त्या एका तासात गिरवतात. अभ्यासक्रमात यांपैकी एकही धडा नाही.

शाळेची सहल आणि वर्गातील उपक्रम हा विषय राजकीय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वेतन, जमीन, पाणी, रोजगार हे मोठे प्रश्न पडून असताना सहलीचा विचार हा हौसेचा मामला वाटतो. परंतु विषमता नेहमीच कारखान्याच्या दारात किंवा शेताच्या बांधावर उघडपणे उभी राहत नाही. ती अनेकदा लहानसहान, निरुपद्रवी दिसणाऱ्या प्रथांच्या आडोशाने वावरते. शाळेची सहल ही अशीच एक प्रथा आहे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. सहा ते चौदा वयाच्या बालकाला प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा ठरेल, अशी कोणतीही फी अथवा खर्च त्याच्यावर लादता येणार नाही, असे त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे. याच कायद्यान्वये खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखून ठेवाव्या लागतात. कायद्याने मुलाला वर्गाच्या दारातून आत आणले. पण सहल, स्नेहसंमेलनाचा पोशाख, प्रकल्पासाठी लागणारे पुठ्ठे आणि रंग या सर्व गोष्टी ‘ऐच्छिक’ या सोयीस्कर शब्दाखाली कायद्याच्या कुंपणाबाहेरच राहिल्या. ज्याला पर्याय आहे त्याच्यासाठी गोष्ट ऐच्छिक असते. दोन-तीन दिवसांची मजुरी ओतून एका मुलाची वर्गणी भरावी लागते आणि घरात शाळेत जाणारी तीन मुले आहेत, त्या बापाच्या बाबतीत ‘इच्छा’ हा शब्द वापरणे ही क्रूर थट्टा आहे. अशा घरात एकालाच पाठवणे शक्य असेल, तर पुष्कळदा मुलगा जातो आणि मुलगी घरी राहते, हे निराळे सांगावयास नको.

आता या खर्चाचे स्वरूप थोडे बारकाईने पाहू. वेरूळची लेणी, देवगिरीचा किल्ला, बीबी-का-मकबरा, शहरालगतची औरंगाबाद लेणी ही सर्व स्थळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत आणि तेथे पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेशशुल्क नाही. म्हणजे वेरूळचे दार गरिबाच्या मुलासाठी उघडे आहे. बंद आहे तो तिथवरचा तीस किलोमीटरचा रस्ता. या रस्त्यासाठी एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते आणि शालेय सहलींना भाड्यात पन्नास टक्के सवलतही मिळते. गाडीचे भाडे अंतरावर ठरते, आत बसलेल्या डोक्यांवर ठरत नाही. पंचेचाळीस आसनांच्या गाडीत अडतीस मुले बसली काय आणि पंचेचाळीस बसली काय, गाडीचे बिल तेच येते. वर्गणी न भरू शकणाऱ्या सात मुलांना बरोबर नेण्याचा वाढीव खर्च जवळजवळ त्यांच्या जेवणापुरताच असतो.

तरीही ती सात आसने रिकामी धावतात. याचे कारण पैशाच्या टंचाईत शोधून सापडणार नाही. ते हिशेबाच्या रीतीत आहे. शाळा एकूण खर्चाला डोक्यांनी भागते, माणशी आकडा काढते आणि ज्याने तो भरला त्याचेच नाव यादीत चढवते. सिनेमाच्या तिकिटाचा हा हिशेब शिक्षणाला लावला गेला आहे. पाण्याच्या नळाचा किंवा रस्त्यावरील दिव्याचा हिशेब गाव निराळ्या रीतीने करते : खर्च सर्वांचा मिळून, उपयोग प्रत्येकाला. सहल शिक्षणाचा भाग असेल, तर तिचा हिशेबही याच रीतीने झाला पाहिजे.

वर्गणीहूनही कठोर असा एक अडसर मराठवाड्यात आहे, तो वेळापत्रकाचा. सहलींचा हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते जानेवारी. ऊसतोडीचा हंगामही नेमका तेव्हाच. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे कोयता घेऊन बाहेर पडतात. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात; पुष्कळशी आईबापांबरोबर फडावर जातात. शाळेची गाडी वेरूळच्या दिशेने निघते, तेव्हा तिच्या हजेरीपटावरील ही मुले पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पाचटाच्या खोपीसमोर धाकट्या भावंडांना सांभाळत बसलेली असतात. हीच सहल सप्टेंबरात काढली, तर गाव सोडण्यापूर्वी ती मुलेही गाडीत बसतील. पावसाळा सरत आलेला असतो, डोंगर हिरवे असतात, वेरूळच्या कड्यावरून धबधबा कोसळत असतो. तारीख बदलण्यास एक पैसाही लागत नाही. फक्त वेळापत्रक आखताना कोणाचे मूल डोळ्यांसमोर ठेवायचे, हे ठरवावे लागते.

सर्व मुले गाडीत बसली, म्हणजे प्रश्न संपला असे मात्र नाही. गाडी कोठे जाते आणि मुले तेथे काय करतात, याचाही विचार व्हावयास हवा. एका दिवसात देवगिरी, खुलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळ, मकबरा आणि पाणचक्की अशी सहा ठिकाणे उरकणारी सहल मुलांना पुढच्या मुलाच्या पाठीखेरीज फारसे काही दाखवीत नाही. अलीकडे तर अनेक शाळांच्या सहली पाण्याच्या घसरगुंड्यांच्या खाजगी उद्यानांकडे वळल्या आहेत. मुलांनी मौज करू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु शाळेने मौज विकत घेऊन देण्याचे काम पत्करले, की ती खर्चिक होणार आणि गरीब मूल तिच्यातून पुन्हा वगळले जाणार, हे ओघानेच आले.

या बाबतीत महाराष्ट्राला परंपरा नाही असे नव्हे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीमचा विचार मांडला गेला, तो हाताच्या कामातून आणि भोवतालच्या जीवनातून शिक्षण घडावे याच आग्रहाने. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभे केले, त्यात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा होती. मूल शाळेत येऊ शकत नाही, तर शाळाच कुरणात गेली. पाने, बिया, खडे हीच तेथली साधने. सहलीचा याहून शुद्ध अर्थ सांगता येणार नाही.

हाच अर्थ या शहराच्या परिसरात कसा उतरेल, याची दोन उदाहरणे घेऊ.

वेरूळला एकूण चौतीस लेणी : पहिली बारा बौद्ध, पुढची सतरा हिंदू आणि शेवटची पाच जैन. सोळावे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरीत नेऊन घडविले गेले. हे वाक्य पाठ करून मुलाला काही उमगत नाही. सहलीच्या आदल्या आठवड्यात वर्गातील प्रत्येक गटाला साबणाची एक वडी आणि एक बोथट खिळा द्यावा. वरून खाली कोरत एक खांब आणि एक छत काढावयास सांगावे. चुकून खांब तुटला की तो परत जोडता येत नाही, हे बोटांना कळते. असे मूल कैलासासमोर उभे राहिले, की ते आपण होऊन विचारते : हे किती माणसांनी केले? ती राहत कोठे होती? त्यांना जेवू कोण घालीत होते? राजाचे नाव ताम्रपटात सापडते, पाथरवटांची नावे कोठेही सापडत नाहीत. इतिहास कोणाच्या श्रमावर उभा राहतो आणि कोणाच्या नावे लिहिला जातो, हा धडा त्यासाठी वेगळा शिकवावा लागत नाही. आणि तीन धर्मांची लेणी एकाच डोंगराच्या कुशीत नांदताना ज्याने पायी फिरून पाहिली, त्याच्या मनात द्वेषाचे बी रुजवणे थोडे तरी अवघड होते.

दुसरे उदाहरण पाण्याचे. मलिक अंबर हा गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने १६१० साली खडकी वसवली. तीच पुढे औरंगाबाद आणि २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाली. त्याने शहराला पाणी दिले ते जमिनीखालून आणलेल्या नहरीने. पुढच्या काळात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी, डोंगरातून खापरी नळांनी आणलेल्या पाण्याच्या बळावर पाणचक्कीचे जाते फिरू लागले. आणि आज शहर पाणी पिते ते सुमारे पन्नास किलोमीटर दूर असलेल्या पैठणच्या नाथसागराचे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते झाली, उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते.

नहर, पाणचक्की आणि धरण ही एकाच सहलीची तीन ठाणी होऊ शकतात. किंबहुना पहिलीपासून दहावीपर्यंतच्या अभ्यासाचा तो एक सलग धागा होऊ शकतो. पहिली-दुसरीच्या मुलांनी आपल्या घरी नळाला पाणी कोणत्या वारी आले, ते दिनदर्शिकेवर खुणेने नोंदवावे. या शहराने कित्येक वर्षे दिवसांमागून दिवस कोरड्या नळांचे काढले आहेत, तेव्हा ही नोंद काल्पनिक राहणार नाही. चौथी-पाचवीने पाणचक्कीचे चित्र काढून तिचे चाक कशाने फिरते, ते पुठ्ठ्याच्या चाकावर करून पाहावे. सातवी-आठवीने घरोघरच्या नोंदी एकत्र करून कोणत्या वस्तीत टँकर येतो आणि एका पिंपाला किती पैसे पडतात, याचा तक्ता मांडावा. नववी-दहावीने नाथसागराच्या काठी उभे राहून विचारावे की या पाण्याखाली कोणाची गावे आणि जमिनी गेल्या, त्यांना मोबदल्यात काय मिळाले, कालव्याचे पाणी कोणत्या पिकाला जाते, आणि वरच्या धरणांतून पाणी सोडावे म्हणून मराठवाड्याला वारंवार भांडावे का लागते. समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व राज्याच्या २००५ च्या कायद्यात आहे. ते समजून घेण्यास याहून चांगला वर्ग कोठे मिळेल?

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला सुरक्षिततेचा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून शिक्षकांच्या मनात धास्ती आहे आणि ती रास्त आहे. परंतु धोका वाढतो तो दूरचे अंतर, रात्रीचा प्रवास आणि मूठभर शिक्षकांच्या हवाली केलेली शेकडो मुले यांमुळे. एका वेळी एकच वर्ग नेणारी, दिवसाउजेडी परतणारी जवळची सहल हेच त्यावरील उत्तर आहे. दुसरा आक्षेप शिक्षकांवरील भाराचा. निवडणूक, जनगणना आणि माहितीचे असंख्य तक्ते यांत शिक्षक पिचला आहे, हे खरेच. त्याला या कामांतून सोडविण्याची मागणी सहलीच्या मागणीबरोबरच केली पाहिजे. तिसरा आक्षेप असा की आधी पडक्या खोल्या दुरुस्त करा, मग सहलींचे बोला. गरिबांच्या मुलांना आधी छप्पर, मग पुस्तक आणि मग कधीतरी जग, ही उतरंड श्रीमंतांच्या मुलांना कोणी लावीत नाही. तिन्ही गोष्टी एकाच बालपणात मिळाल्या पाहिजेत, कारण बालपण थांबून राहत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना असावेत असे म्हटले आहे आणि राज्य शासनाने २०२४ साली ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. कागदावर जागा झाली आहे. तिच्यामागे खर्चाची तरतूद उभी करणे हे राजकीय काम आहे. त्यासाठी कार्यकर्त्यांना नवी संघटना काढावी लागणार नाही. कायद्याने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. पुष्कळ ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरली आहे. तिच्या बैठकीत कामगार आणि शेतमजूर पालक बसतील, हे पाहावे. तेथे पाच ठराव मांडावेत : वर्गातील सर्व मुले जाणार असतील तरच सहल निघेल, जे भरू शकत नाहीत त्यांची नावे वर्गात उच्चारली जाणार नाहीत, तो भाग शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या किंवा महापालिकेच्या निधीतून उचलला जाईल, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गावी सहल गाव हलण्यापूर्वी होईल, आणि पहिली ते चौथीच्या मुलांची सहल पायी, म्हणजे कुंभाराच्या आव्याकडे, टपालकचेरीकडे, आठवडी बाजाराकडे, नदीकडे जाईल. यांतील शेवटच्या दोहोंना तर पैसाही लागत नाही.

हे काम लहान आहे. त्याने समाजरचना पालटणार नाही, असे कोणी म्हणाल्यास ते मान्य केले पाहिजे. परंतु आपल्याच वर्गातील काही मुले मागे ठेवून गाडी निघते आणि त्यात काहीच गैर नाही, ही समजूत ज्या वयात मुलांच्या अंगवळणी पडते, त्या वयात ती मोडणे हे लहान काम नव्हे. गाडीत बसलेल्या मुलांसाठीही ते तितकेच आवश्यक आहे. पुढच्या जानेवारीत फळ्यावर ‘आमची सहल’ असे लिहिले जाईल, तेव्हा त्या शीर्षकातील ‘आमची’ हा शब्द वर्गातील प्रत्येक मुलाला खरेपणाने लिहिता यावा, एवढ्याच मागणीपासून आरंभ करावयाचा आहे.