मजल दरमजल

‘मजल दरमजल करीत’ असं आपण सहज बोलून जातो. मजल ही मूळची अरबी ‘मंजिल’, म्हणजे दिवसभराच्या वाटचालीनंतर उतरायची जागा. मुक्काम, सफर, मुसाफिर हे तिचेच सोबती. फारसीच्या हाताला धरून ते मराठीत आले आणि इथलेच झाले. हे शब्द जिकडून आले, तिकडे मुंबईचे सहा तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी निघाले. तेही सायकलवर!

आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कापडिया. सगळे पारशी, वजनं उचलणाऱ्या क्लबातले गडी. पंजाब, बलुचिस्तान मागे टाकून ते इराणात शिरले. हा तर त्यांच्या पूर्वजांचा देश. कापडिया तेहरानहून घरी परतले. पुढं एकानं अमेरिकेतच राहायचं ठरवलं, आणखी एकानं साथ सोडली. त्यांना मी कच्चे म्हणणार नाही. आमच्या ओव्यातली पोरं खारघर स्टेशनपर्यंत सायकल मारून आली तरी धापा टाकतात!

खरी कसोटी लागली बगदादच्या पुढं. तिथून अलेप्पो, अरबीतलं हलब, ९५६ किलोमीटर. मधे वाळवंट. दिवसा अंग भाजणारी वाळू, वावटळी, तहानेनं सुजलेल्या जिभा. सायकलवर बसायचं कसलं, ती ओढायची. तेवीस दिवसांत त्यांनी ते पार केलं. इराकवर तेव्हा इंग्रजांचा अंमल, सीरियावर फ्रेंचांचा. महायुद्धानंतर आखलेल्या सरहद्दी अजून कोवळ्या होत्या. पुढं त्या निबर झाल्या. २०११ नंतरच्या युद्धात तर हलब शहरच उद्ध्वस्त झालं. इकडे मुंबईहून पंजाबमार्गे बलुचिस्तानला जायचं, तर मधे १९४७ची सरहद्द. आज तशाच सहा पोरांनी पायडल मारलं, तर त्यांना पहिली अडचण वाळूची येणार नाही, शिक्क्याची येईल.

युरोप, अमेरिका, जपान करून ते पुन्हा आशियात उतरले. कोरिया, चीन, सयाम, ब्रह्मदेश. १८ मार्च १९२८ रोजी हकीम, बापासोला आणि भुमगरा मुंबईला पोचले. एकूण ७१ हजार किलोमीटर. तिघांनी मिळून इंग्रजीत प्रवासवर्णन लिहिलं. त्याला प्रस्तावना पंडित नेहरूंची. या पोरांचा आपल्याला हेवा वाटतो, असं त्यांनी तीत मोकळेपणानं कबूल केलं आहे.