चेहरा राजाचा, हात कुणाचा?



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या विषयापुढे 'एक छंद' असं छापलं आहे. ते संयोजकांचं औदार्य. मी आज भांडायला आलो आहे. (हशा) भांडण साधं आहे. नोटेवर गव्हर्नरची सही असते. ज्याने तिच्यावरचा चेहरा पोलादात कोरला, त्याचं नाव नसतं. का नसतं?

पहिल्या रांगेत प्रेसमधून निवृत्त झालेली मंडळी बसली आहेत, म्हणून जपून बोलतो. नाशिककरांना नोट कशी छापतात हे सांगणं म्हणजे गोदाकाठी पाण्याचं दुकान मांडणं. 1925 साली नाशिकरोडला प्रेस आली, 1928 पासून इथे नोटा निघू लागल्या, त्याआधी त्या इंग्लंडहून छापून यायच्या, हे तुम्हाला पाठ आहे. पुढे जातो.

मी नोटा जमवत नाही, प्रूफं जमवतो. एन्ग्रेव्हर मऊ केलेल्या पोलादाच्या लहानशा ठोकळ्यावर चेहरा उलटा कोरतो. डोळ्याला भिंग, मुठीत ब्युरिन नावाचं टोकदार हत्यार. गालावर ठिपके आणि वळणदार रेषा, कोटावर आडव्यातिडव्या रेषांचं जाळं. काम कुठवर आलं ते बघायला तो मधूनमधून शाई भरून पातळ कागदावर ठसा काढतो. तेच प्रूफ. एकावर कपाळ कोरंच असतं, पुढच्यावर तिथे सावली आलेली असते. माणूस विचार कसा करत गेला ते ओळीने दिसतं. काम पुरं झालं की ठोकळा कडक करतात, मऊ रोलर दाबून त्यावर चित्र उचलतात, मग तो रोलर कडक करून प्लेटवर हवे तितके ठसे उमटवतात.

ही रीत रुळवली अमेरिकेच्या जेकब पर्किन्सने. 1819 साली ती घेऊन तो इंग्लंडला गेला. तिथे तेव्हा नोटा इतक्या साध्या होत्या की कुणीही नक्कल करावी, आणि नक्कल करणाऱ्याला, नुसती खपवणाऱ्यालाही, फाशी. 1797 ते 1821 या काळात 300 हून अधिक माणसं त्यापायी लटकली. तरी बँक ऑफ इंग्लंडने पर्किन्सला नकार दिला. बँका तेव्हाही बँकाच होत्या. (हशा) पुढे 1840 साली जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट याच रीतीने त्याच्याच कंपनीत छापलं गेलं. त्यावरचा राणीचा चेहरा चार्ल्स आणि फ्रेडरिक हीथ या बापलेकांनी कोरला. त्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, पण तिकिटावर शोधून सापडणार नाहीत.

चेहराच का? वेलबुट्टीतली पाकळी वाकडी गेली तर कुणाच्या लक्षात येत नाही. ओळखीच्या माणसाची भुवई केसभर सरकली की भाजीवालीलाही काहीतरी खटकतं. घरी गेल्यावर शंभराच्या नोटेवर गांधीजींच्या चेहऱ्यावरून बोट फिरवा, उठाव लागेल. आत्ता नको, खिसे चाचपू नका. (हशा) म्हणून चेहरा कोरणारा हा कारखान्यातला सर्वांत मानाचा माणूस. अक्षरं दुसरा कोरतो, कडेची जाळीदार नक्षी तिसरा यंत्रावर काढतो. एकट्याला अख्खी नोट करता येऊ नये, ही त्यातली मेख. पण या वाटणीत श्रेय कुणाचंच उरलं नाही.

अमेरिकेत जी. एफ. सी. स्मायली नावाचा एन्ग्रेव्हर होऊन गेला. 1899 च्या पाच डॉलरच्या नोटेवर रनिंग अँटिलोप या लाकोटा पुढाऱ्याचा चेहरा त्याने कोरला. डोक्यावरचा पिसांचा साज पॉनी जमातीचा, म्हणजे वैऱ्यांचा, म्हणून त्या नोटेची चर्चा आजही होते. टोपी कुणाची यावर वाद, हात कुणाचा याची विचारपूस नाही.

आता चेस्वाव स्वानियाचं दोन मिनिटांत सांगतो. पोलंडचा माणूस, जन्म 1921 चा. महायुद्धात भूमिगत चळवळीसाठी खोटी कागदपत्रं बनवायचा, म्हणजे या धंद्यात तो मागच्या दाराने आला! क्राकूवला कला शिकला, 1956 साली स्वीडनला गेला आणि पुढे तिथल्या राजाचा एन्ग्रेव्हर झाला. तिकिटं कोरली, नोटांसाठी चेहरे कोरले. आणि कुणी सांगितलं नसताना, हाताचा सराव म्हणून, त्याने हेवीवेट मुष्टियुद्धाच्या जगज्जेत्यांची मालिका कोरली. 23 पहिलवान, तिकिटाच्या आकारात, टपाली किंमत शून्य! चपटी नाकं, सुजलेल्या भुवया. राजाराणीच्या गुळगुळीत गालांवर जे करू देत नाहीत ते त्याने इथे करून घेतलं. माझ्या मते त्याचा खरा हात बघायचा तर तो इथे. 2000 साली त्याचं हजारावं तिकीट निघालं, एरेनस्ट्राल या चित्रकाराच्या सतराव्या शतकातल्या छतचित्रावरून. घोडे, ढग, राजे, सगळं पोलादात, आणि तेव्हा त्याचं वय...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. दोनाची बारा झाली वाटतं. (हशा)

मग बाजारभाव गाळतो. एवढंच सांगतो की 1858 पासूनच्या अमेरिकन बँक नोट कंपनीचा संग्रह 1990 साली न्यूयॉर्कला क्रिस्टीज्‌ने लिलावात काढला, तेव्हा कुठे बरीच प्रूफं कपाटांबाहेर आली. घेताना भिंगाने डोळ्यांची बुबुळं बघा. ऑफसेटच्या नकलेत तिथे ठिपक्यांचा चिखल असतो, अस्सल ठशात रेष तुटत नाही.

मुख्य मुद्दा. पहिल्या रांगेतले एक साहेब मघापासून मान हलवताहेत. त्यांचं म्हणणं मला कळतं : सुरक्षा, गोपनीयता. ठीक. पण फ्रान्सने कित्येक वर्षं आपल्या नोटांवर चित्रकाराचं आणि एन्ग्रेव्हरचं नाव बारीक अक्षरात छापलं. स्वीडनच्या तिकिटांच्या खालच्या कडेला स्वानियाचं नाव आहे. त्याने ना फ्रान्स बुडाला, ना स्वीडन. साहेब, मान अजून हलतेच आहे, हलू द्या. (हशा, टाळ्या) चालू नोटेवरचं नाव मी मागतच नाही. चलनातून गेलेल्या नोटेचं सांगा. तिचं गुपित आता कुणापासून राखायचं?

मागच्या टेबलावर पाच प्रूफं काचेखाली ठेवली आहेत, शेजारी भिंग आहे. काचेवर चहाचा कप ठेवू नये. बाजूला वही आहे. प्रेसमध्ये ज्यांनी कोरीवकाम जवळून पाहिलं असेल त्यांनी, सांगण्याजोगं असेल तेवढंच, नाव आणि साल लिहावं. अध्यक्ष उभे राहिले, मी बसतो.