भीतीने भाषा टिकत नाही
(टोकरखाडा येथील स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपली चार माणसे जमली की हल्ली एकच विषय निघतो, "सिल्वासा आता आपले राहिले नाही." बाजारात हिंदी, कारखान्यात भोजपुरी, दमणगंगेच्या काठी छठपूजा. ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. १९६१ साली दादरा नगर हवेलीची लोकसंख्या ५७,९६३ होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. करसवलतींमुळे कारखाने आले, त्यांच्यामागे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून कामगार आले. पन्नास वर्षांत वस्ती जवळजवळ सहापट झाली, तर जुना माणूस बुजणारच.

पण भीतीपोटी काय होते, तेही पाहू. काही चाळींत परप्रांतीयाला खोली द्यायची नाही असे ठरते. मुंबईत मासे-मटण खातो म्हणून मराठी माणसाला घर नाकारले, की आपण संतापतो. मग तोच न्याय इथे दुसऱ्याला कसा लावायचा?

आणि इथले मूळचे कोण? वारली, कोकणा, धोडिया, काथोडी. २००१ मध्ये इथे आदिवासी ६२ टक्के होते, २०११ मध्ये ५२ टक्के. घाबरण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे. आपल्यातल्या कित्येक घराण्यांचे पूर्वजही पोटापाण्यासाठीच इथे आले. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांकडून मुक्त झाले, त्या लढ्यात राजाभाऊ वाकणकर, सुधीर फडके यांच्यासारखी माणसे बाहेरूनच आली होती. त्यांना आपण परके म्हणतो का?

तंजावरकडे पाहा. तिथले मराठी राज्य १८५५ मध्ये संपले. चहूकडे तमिळ. तरीही तिथल्या मराठी घरांतून आजही मराठी बोलली जाते. ती माणसे तमिळ शिकली, तमिळ समाजात मिसळली. आपले कीर्तन त्यांनी दार लावून जपले नाही. त्यातूनच तमिळ हरिकथेला एकोणिसाव्या शतकात नवे रूप मिळाले. भाषा टिकली ती घरात बोलल्यामुळे आणि बाहेर दिल्यामुळे.

आपल्या मुलाला मराठी वाचता येते की नाही, हे बिहारहून आलेला कामगार ठरवत नाही. ते आपल्या स्वयंपाकघरात ठरते, शाळेचा अर्ज भरताना ठरते. नातू आजीशी हिंदीत बोलतो, यात शेजाऱ्याचा काय दोष? शेजाऱ्यावर राग काढला की घरातले काम राहून जाते.

म्हणून आमची तीन मागणी आहेत, आणि त्या आपल्याच माणसांकडे आहेत. घरात मराठीच बोलावी. गणेशोत्सवात शेजारच्या परप्रांतीय कुटुंबाला आरतीला बोलवावे, आणि छठपूजेचे बोलावणे आले तर जावे. मंडळाने रविवारचा मराठी वर्ग सुरू करावा, तो सर्वांना खुला असावा. वारली मुलांनी यावे, ओडिया मुलांनीही यावे. प्रशासनाकडे मराठी शाळांसाठी शिक्षक मागायला जाऊ, तेव्हा ही माणसे आपल्याबरोबर असतील, तर आपला आवाज मोठा होईल.

दार उघडे ठेवले म्हणून घर परक्याचे होत नाही. घरातली माणसे घर विसरली, तर मात्र होते.

जय महाराष्ट्र, जय हिंद.