उंची कोठून मोजावी?

रामटेकच्या डोंगराच्या पायथ्याशीं कोणी घर बांधावयास काढलें, म्हणजे गवंडी विचारतो : जोतें किती उंच घ्यावयाचें? हा प्रश्न अपुरा आहे. किती, हें ठरण्याआधीं कोठून, हें ठरलें पाहिजे.

सरकारी मोजणीखात्यानें याचें उत्तर समुद्राकडून आणलें. मुंबई, कारवार अशा ९ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून सरासरी समुद्रपातळी धरून १९०९ सालीं देशभरच्या उंची जुळविण्यांत आल्या. नागपूरच्या झीरो माइलपाशीं असलेल्या खुणेची उंची १०२०.१७१ फूट नोंदलेली आहे.

बांधकामावर मात्र जवळच्या सरकारी खुणेवरून उंची आणून आपली एक तात्पुरती खूण करावी लागते, आणि चूक बहुधा येथेंच होते. काळ्या जमिनींत ठोकलेली खुंटी स्थिर दिसते; पण ती माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आकसते. खुंटी बोटभर हलली, कीं तिच्या भरंवशावर बांधलेल्या मोरीचें पाणी घराकडे वळतें. म्हणून खूण उघड्या खडकावर किंवा जुन्या इमारतीच्या दगडी पायरीवर करावी. पडताळ्यासाठीं दुसरीही ठेवावी. आणि लेव्हल लावीत पुढें गेलेल्या माणसानें परत पहिल्या खुणेवर येऊन आंकडा जुळतो कीं नाहीं, तें पाहावें.

परतीचा हा अर्धा तास वाचविणाऱ्यास पुढें बांधलेलें पाडण्याचा खर्च सोसावा लागतो. समुद्र रामटेकपासून फार दूर आहे खरा. परंतु खूण पक्की असेल, तर त्याची पातळी आपल्या उंबरठ्यापर्यंत बिनचूक येऊन पोहोंचते.