छंद, गुरू आणि साधना
(वार्षिक उत्सवात केलेल्या भाषणाचा पाठ)



तरुण पिढीविषयी चार शब्द सांगावेत, अशी मला आज्ञा झाली. उपदेश करण्यापेक्षा आपल्याच भागातील एका मुलाची हकीकत सांगणे मला अधिक उचित वाटते.

बेळगावजवळच्या सुळेभावी गावी ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र कोमकली यांचा जन्म झाला. वडील सिद्धरामय्या स्वतः गाणारे. परंतु या मुलाकडून गाण्याची अपेक्षा कोणी केली नव्हती. सहाव्या-सातव्या वर्षी हा मुलगा एकाएकी, मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिकांवर ऐकलेले गाणे हुबेहूब गाऊ लागला. घरची मंडळी थक्क झाली. एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि पुढे तेच त्याचे नाव झाले. कानडी घरातल्या या मुलाला मराठी रसिकांनी आपलाच मानला.

येथवरची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. परंतु खरे वळण पुढेच आहे. नकलेवर टाळ्या मिळत होत्या. तेवढ्यावर थांबला असता, तर वय वाढताच कौतुकही ओसरले असते. १९३६ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, तो मुंबईस प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे शिकण्यास राहिला. अनेक घराण्यांचे गाणे जाणणाऱ्या त्या गुरूंजवळ अनुकरणातून स्वतःचे गाणे घडू लागले.

मग परीक्षा आली. ऐन उमेदीत क्षयाने गाठले. १९४८ साली ते देवासला राहावयास गेले. गाण्यास मनाई झाली. गळा मुका झाला, पण कान जागे राहिले. अंथरुणावरून ऐकलेल्या माळव्याच्या लोकगीतांतून त्यांना रागांच्या नव्या वाटा दिसल्या. आजारातून उठल्यावर ते पुन्हा गाऊ लागले. १९६५ मध्ये त्यांचा ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाला आणि १९९० मध्ये पद्मविभूषणाचा सन्मान लाभला.

सज्जनहो, छंद गवसणे ही दैवाची कृपा. त्याची साधना होणे हे मात्र त्या मुलाच्या आणि वडीलधाऱ्यांच्या हाती असते. प्रत्येक मूल कुमार गंधर्व होणार नाही, हे खरे. पण आपली आवड कोणती, हे न कळताच किती मुले मोठी होतात! भजनाच्या वेळी मृदंगापाशी घुटमळणाऱ्या मुलाला आपण ‘अभ्यास कर’ म्हणून घरी पिटाळतो. अभ्यास हवाच, पण ते घुटमळणेही पाहावयास हवे.

म्हणून महाजनांस माझी एक विनंती आहे. मंदिरातील पेटी, तबला आणि मृदंग उत्सव सरताच गवसणीत जातात. आठवड्यातून एक संध्याकाळ ती वाद्ये मुलांसाठी उघडी ठेवावीत आणि शिकविणारा एक जाणता माणूस तेथे असावा. एखाद्या मुलाला स्वतःची ओळख पटली, तरी त्या संध्याकाळचे सार्थक होईल.