पडदा, चित्र आणि विलंब

संगणकावर खेळणाऱ्या मुलानें माउस हलविला कीं पडद्यावरील आकृति त्याच क्षणीं हलली, असें पाहणारास वाटतें. वस्तुतः या दोहोंमध्यें अल्पसा काळ जातोच. माउसकडून सूचना येते, संगणक तिचा अर्थ लावतो, ग्राफिक्स कार्ड नवें चित्र रेखाटतें व शेवटीं मॉनिटर तें दाखवितो. या सर्व मार्गास लागणारा जो वेळ, त्यास इनपुट लॅग म्हणतात.

साधा मॉनिटर सेकंदांत ६० वेळां, म्हणजे सुमारें १६.७ मिलिसेकंदांस एकदां, चित्र नव्यानें मांडतो. ग्राफिक्स कार्डाचें काम मात्र असें ठोक्यावर चालत नाहीं. मोकळ्या मैदानाचें चित्र तें लवकर काढतें; धूर, पाणी व गर्दी यांस अधिक वेळ लागतो. पडदा घड्याळास बांधलेला, आणि चित्रकार आपल्या गतीचा. अडचणीचें मूळ येथें आहे.

पडदा वरून खालीं भरत असतांनाच नवें चित्र हातीं आलें, तर वर जुनें व खालीं नवें अशी फाटलेली प्रतिमा दिसते. हा दोष टाळण्यासाठीं व्ही-सिंक ही युक्ति निघाली. चित्र तयार असलें तरी पडद्याच्या पुढील पाळीपर्यंत त्यानें थांबावें, हा तिचा नियम. परंतु एखाद्या चित्रास २२ मिलिसेकंद लागले, तर पहिली पाळी चुकते व तें ३३ व्या मिलिसेकंदास दिसतें. थोडक्यांत गाडी चुकलेल्या प्रवाशानें पुढल्या गाडीची वाट पाहावी, तसेंच हें. प्रतिमा फाटत नाहीं. पण खेळणाराचा हात जड वाटूं लागतो.

मग उलट विचार झाला. चित्रानें पडद्यासाठीं थांबण्याऐवजीं पडद्यानेंच चित्रासाठीं थांबावें. प्रवासी बसल्यावर टांगा निघतो, त्याप्रमाणें. एन्व्हिडिया कंपनीनें २०१३ सालीं जी-सिंक जाहीर केलें. २०१४ सालीं व्हेसा या संस्थेनें अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक डिस्प्लेपोर्टच्या प्रमाणांत समाविष्ट केलें. अशा मॉनिटरवर वरील चित्र २२ व्या मिलिसेकंदासच उमटूं लागतें.

येथें एक भेद ध्यानीं ठेवणें अवश्य आहे. वांचले ते वाट पाहण्याचे ११ मिलिसेकंद. चित्र काढण्याचे २२ तसेच राहिले. मंद कार्ड या मॉनिटरनें वेगवान होत नाहीं. वेगासही मर्यादा आहेच. १४४ हर्ट्झच्या पडद्याकडे कार्ड सेकंदास २०० चित्रें पाठवूं लागलें, कीं फाटणें किंवा थांबणें यांपैकीं एक दोष परत येतो. म्हणून जाणते खेळाडू ही संख्या १४० च्या आसपास बांधून ठेवतात.

खोक्यावर ठळक छापलेला ‘१ मिलिसेकंद’ हा आंकडा इनपुट लॅगचा, अशी समजूत सहज होते. तो बहुधा पडद्यावरील बिंदूस एका करड्या छटेवरून दुसरीवर जाण्यास लागणाऱ्या वेळाचा असतो. हातापासून डोळ्यापर्यंतच्या विलंबाचा नव्हे. पालकांनीं पैसे मोजण्यापूर्वीं घरचें कार्ड मुलाच्या खेळांत सेकंदास किती चित्रें काढतें, हें आधीं पाहावें. नवा मॉनिटर आणल्यावरही त्याचा वेग संगणकाच्या मांडणींत ६० वरच राहिला नाहीं ना, याची खात्री करावी. ही तपासणी फुकट होते, आणि पुष्कळदां दोष तेथेंच सांपडतो.