वाटाण्याएवढी ग्रंथी

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला बजावले होते, ‘आरोग्यावर बोल, पण शुगर आणि बीपी सोडून. ते इथे सगळ्यांनाच आहे.’ म्हणून आज पीयूषिका ग्रंथीबद्दल बोलतो. विज्ञानाच्या पेपरात माणसाच्या आकृतीला बाण काढून आपण हे नाव लिहायचो आणि गुण मिळाले की विसरून जायचो.

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या एका खोबणीत ही ग्रंथी बसलेली असते. वाटाण्याएवढी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. तिच्या वर, देठाने जोडलेला हायपोथॅलॅमस. भूक, तहान, झोप, भीती, अंगातली ऊब, सगळ्याची खबर त्याच्याकडे जाते.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी जनावरे आहेत, त्यांनी त्याचे काम रोज पाहिले आहे. वासरू आचळाला लागले की गाय पान्हावते. कुत्रा भुंकला, अनोळखी माणूस गोठ्यात शिरला, की पान्हा चोरते. वासराच्या स्पर्शाची खबर हायपोथॅलॅमसला पोचते, त्याने तयार केलेले ऑक्सिटोसिन पीयूषिकेच्या मागच्या भागातून रक्तात उतरते आणि दूध सुटते. गाय घाबरली की हेच अडते. माणसाच्या बाळंतिणीचेही असेच. (पान्ह्यासाठी म्हशीला इंजेक्शन टोचतात ते याच संप्रेरकाचे. तो कायद्याने गुन्हा आहे, हेही जाता जाता सांगतो.)

पीयूषिकेच्या पुढच्या भागाचे काम सांगायला शाळेचीच आठवण काढतो. मुख्याध्यापकांच्या खोलीतून सूचनावही निघायची, शिपाईकाका ती वर्गावर्गात न्यायचे, सर सही करायचे. सही झाली नाही की वही पुन्हा दारात. हायपोथॅलॅमस सूचना लिहितो, पीयूषिका ती पोचवते. गळ्यातल्या अवटू ग्रंथीला, म्हणजे थायरॉइडला, जाणारी सूचना टीएसएच. अवटूने आपले संप्रेरक रक्तात सोडले, की ती सही समजायची. मग वरून सूचना कमी होतात. अवटू सुस्तावली, की टीएसएच वाढत जाते. ‘थायरॉइड कमी झाला म्हणता, मग रिपोर्टात आकडा जास्त कसा?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तो आकडा अवटूचा नाहीच, तो वरून मारलेल्या हाकेचा आहे.

पण हाक मारणाराच आजारी पडला तर? मग अवटू उपाशी राहते आणि टीएसएचचा आकडा मात्र बहुतेक वेळा साधाच दिसतो. रिपोर्टवर खूण नसते, ‘सगळे नॉर्मल आहे’ म्हणून माणूस घरी जातो. आजचे माझे बोलणे खरे तर या माणसासाठी आहे. बहुतेकदा ती बाई असते.

गरोदरपणात पीयूषिका आकाराने वाढते, तिला रक्त जास्त लागते. बाळंतपणात अंगावरून अतोनात गेले आणि रक्तदाब कोसळला, तर आधी या ग्रंथीचा भाग मरतो. ग्लासगोमधले डॉक्टर हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये हे मांडले, म्हणून या आजाराला त्यांचे नाव आहे. बाई वाचते. पण दूध येत नाही, पाळी परतत नाही, काखेतले केस गळतात, थंडी सोसत नाही. ‘अंगात जीवच नाही राह्यला जी,’ असे ती वर्षानुवर्षे सांगते आणि घरचे तिला आळशी म्हणतात. मग एखाद्या साध्या तापात किंवा जुलाबात ती बेशुद्ध होते. सासू, आई, वहिनी, कोणाची अशी कहाणी आठवत असेल तर डॉक्टरांना ते जुने बाळंतपण आवर्जून सांगा. ते आपणहून विचारतीलच असे नाही.

दुसरे कारण आपल्या शेतातले. घोणस. तिचे विष रक्ताची गोठण्याची ताकद बिघडवते, आणि काही जणांत पीयूषिकेतच रक्तस्राव होतो किंवा तिचा रक्तपुरवठा तुटतो. म्यानमारमधल्या रुग्णांवरचा यासंबंधीचा लेख १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, भारतातूनही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. मूत्रपिंडे बिघडण्याइतका विषबाधेचा जोर ज्यांना झाला, त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवावे लागते. सोयाबीन सोंगताना चावा बसला, माणूस दवाखान्यातून बरा होऊन आला, आणि वर्षभराने त्याला दाढी कमी येते, चक्कर येते, काम होत नाही, तर ‘सापाची भीती बसली’ म्हणून सोडून देऊ नका.

निदान झाले की उपचार स्वस्त आहेत: जे संप्रेरक कमी, त्याची गोळी, बहुधा जन्मभर. फक्त क्रम महत्त्वाचा. कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी ते द्यायचे, नंतर थायरॉइडची गोळी. उलटे केले तर जिवावर बेतू शकते.

कॉर्टिसॉलवरून शेवटचे. अंगदुखीवर पुडीत बांधून मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्या. दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात, भूक लागते, चेहरा गोल होतो. पुष्कळदा त्यात स्टेरॉइड असते. बाहेरून एवढे आल्यावर हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका सूचना पाठवणे बंद करतात, आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी आकसून जातात. काही महिन्यांनी कोणी शहाणा ती पुडी फेकून देतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्ण उलट्या करत कारंजाच्या नाहीतर वाशीमच्या दवाखान्यात पोचतो. अशी पुडी घरी चालू असेल तर ती एकदम बंद करू नका. पुडीसकट डॉक्टरांकडे जा. ते डोस हळूहळू उतरवतील, झोपलेली यंत्रणा जागी व्हायला कधी कधी महिने लागतात.

पंगत बसायला अजून पंधरा मिनिटे आहेत. कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा. सर्वांसमोर नको असेल तर मी मागच्या व्हरांड्यात बसतो.